डावी फेरी

अकरावी-बारावीचे वर्ग तेव्हा नुकतेच शाळांना जोडले होते आणि गणित शिकवणारं माणूस औषधालाही मिळत नव्हतं. म्हणून मी, सांगलीची, वडूजला जाऊन पडले. वय तेवीस, तोंड तिखट, आणि डोक्यात हवा अशी की आता आपण आलो म्हणजे अख्ख्या खटाव तालुक्याला त्रिकोणमिती येणार. सांगलीत कृष्णेच्या पाण्यावर वाढलेली मी. इथं एका घागरीसाठी अर्धा तास उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात दोनदा रडले. मग पेपर तपासायला आले आणि रडायचं राहून गेलं.

खोली मिळाली ती तेलाच्या घाण्याला लागून. घाणा मामा-मामींचा. सगळं गाव त्यांना मामा-मामीच म्हणायचं, मीही म्हणायला लागले. दोघं साठीच्या आसपास, पोटी मूल नाही. मधोमध दगडी उखळ, उखळात उभी फिरणारी जाडजूड लाकडी लाट, लाटेला जोडलेला आडवा दांडा, आणि दांड्याला जुंपलेला, डोळ्यांना झापड बांधलेला बैल. मामा उखळात करडई, शेंगदाणे ओतायचे आणि मामी बैलामागं चालायच्या. चाळीस वर्षं. घाणा उजव्या हाताला ठेवून, देवाला प्रदक्षिणा घालतात तशा. त्या फेरीची जमिनीत एवढी खोल चाकोरी पडली होती की मी नवी असताना दोनदा पाय मुरगळून घेतला.

माझी पडवी आणि घाण्याचं छप्पर यांच्यामध्ये भिंत नव्हती. जुनी धोतरं शिवून केलेला एक मोठा पडदा टांगलेला होता. पलीकडं छपराची पश्चिमेची बाजू सताड उघडी. त्यामुळं संध्याकाळी पाचच्या सुमाराला ऊन आडवं व्हायचं आणि बैलाची सावली त्या पडद्यावर पडायची. मी पडवीत वह्या तपासत बसायचे आणि समोर बैल डावीकडून उजवीकडं जायचा, कडेला जरा रेंगाळायचा, पुन्हा उजवीकडून डावीकडं यायचा. बैल गोल फिरतोय आणि सावली नुसत्या येरझाऱ्या घालतेय. लाकडाचा कर्र कर्र आवाज अखंड. एक दिवस हातातली वही खाली ठेवली. अगं बाई, हे तर आपलं कोसाइन!

दुसऱ्या दिवशी अकरावीचा अख्खा वर्ग, अकरा पोरं आणि तीन पोरी, पडवीत आणून बसवला. बैलाची एक फेरी माझ्या घड्याळात चोवीस सेकंदांची, म्हणजे दोन सेकंदांत तीस अंश. बैल मध्यापासून आठ फुटांवर. एका पोराच्या हातात घड्याळ दिलं, पोरींच्या हातात निळीची पुडी. सावली कडेला टेकली की मोजायला सुरुवात, आणि दर दोन सेकंदांनी पडद्यावर निळीचं बोट. सावली पहिल्या दोन सेकंदांत फूटभर सरकली, पुढच्या दोनांत तीन फूट, त्याच्या पुढच्या दोनांत चार. बैलाची चाल तीच, पण सावली कडेला आळशी आणि मधे चपळ. ते ठिपके वेळेप्रमाणे कागदावर मांडून जोडले तर छान वळणदार लाट तयार झाली. मी ओरडलेच, "बघा, बघा, ही लाट!"

पडदा बाजूला सारून मामी आल्या, हात पेंडीनं भरलेले. "लाट? आवं बाई, लाट आमच्या उखळात हाय. कागदावर कुठली आली?"

पोरं फिदीफिदी हसली. मीही हसले. पण नंतर वाटलं, मामी काही चुकीचं बोलल्या नाहीत. कागदावरची लाट त्या उखळातल्या लाटेपासूनच तर निघाली होती.

एका पोरीनं मात्र विचारलं, "बाई, नुसती सावली बघून बैल कुठल्या अंगानं फिरतोय ते कळंल का?" हुशार पोर. नाही कळत. कोन सुलट घ्या नाहीतर उलट घ्या, कोसाइन तेच येतं. सुलट-उलट सांगतं ते साइन, म्हणजे बैल पडद्याच्या जवळ आहे की लांब. मग आम्ही निरखून बघितलं आणि तेही सापडलं. बैल पडद्याजवळून जाताना सावलीची कड ठसठशीत, लांबून जाताना पुसट. आमचा बैल उजवीकडून डावीकडं जाताना ठसठशीत दिसायचा आणि डावीकडून उजवीकडं परतताना पुसट. त्यावरून कळतं की तो प्रदक्षिणेच्या अंगानं चाललाय. एवढं शिकवून झाल्यावर मी दोन दिवस जमिनीला पाय लावले नाहीत.

पोरांना सगळं आलं, एक सोडून. गणितात कोन मोजायचा तो डाव्या अंगानं, घड्याळाच्या उलट. आणि माझी चौदाच्या चौदा लेकरं हात न्यायची ती प्रदक्षिणेच्या अंगानं. त्यामुळं तीस अंशांचं साइन उणे यायचं. उदाहरणातला, जत्रेतल्या उंच पाळण्यात बसवलेला माणूस वर जायच्या ऐवजी जमिनीखाली जायचा. "अरे, पाळण्यातून पाताळात कशाला धाडता रे माणसं?" म्हणून मी डोकं धरून बसायचे. एक पोरगा म्हणाला, "बाई, हात आपसुक तिकडंच जातोय."

ही कटकट मी एका संध्याकाळी मामींपुढं ओकले. त्या शेंगदाणे पाखडत होत्या. हातातलं सूप थांबलं.

"डावी फेरी शिकवताय? पोरांस्नी?"

"हो. गणितात तीच सरळ."

"आवं बाई, देवाला उजवी आणि मढ्याला डावी. डावी फेरी निस्ती सरणाभवती घालत्यात."

मला ही रीत ऐकून माहीत होती, पण ती फळ्यावरच्या वर्तुळाला कधी चिकटली नव्हती. मामा उखळापाशी बसून सगळं ऐकत होते. त्यांनी विचारलं, "मग बाई, डाव्या फेरीची सवय पोरांस्नी लावता कशी?"

मी फणकाऱ्यानं म्हटलं, "कशी म्हणजे? तालीम. रोज काढायला लावायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा दिवसांत हात वळतो."

"पायबी वळत असतील," मामा म्हणाले.

"न वळायला काय झालं?" मी म्हटलं आणि चहाला उठले. त्यांच्या पोटातल्या दुखण्याचं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, त्यांना सोडून.

दिवाळी झाली आणि मामा अंथरुणाला लागले. मीच त्यांना मिरजेला नेलं. आमच्या सांगलीच्या घरी दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, गाठ पसरलीय, घरी न्या, आवडेल ते खायला घाला. मला प्रश्न पडला, आता हे ह्यांच्या कानावर घालायचं कसं? परतीच्या एस.टी.त मामाच म्हणाले, "बाई, तोंड का पाडलंय? मला ठावं हाय."

घाणा थांबला. बैल मागच्या अंगणात रवंथ करत बसला. पडद्यावर पाच वाजता फक्त उखळाची न हलणारी सावली आणि आमचे निळीचे ठिपके राहिले.

मग पुतण्या आला. रहिमतपूरला पेंडीचा व्यापार करायचा. गोड बोलणारा, वागायला वाईट नव्हता. चुलत्याच्या उशाशी बसून म्हणाला, "काका, घोर लावून घिऊ नगा. मडकं मी धरीन. काकीला सांभाळीन. हितं मोटारीवरचा घाणा बसवू, झोकात चालंल." जित्या माणसाच्या तोंडावर! मी पडद्याआड बसून दात-ओठ खात होते. त्या भावकीत रीत अशी होती की सरणाभोवती ज्यानं मडकं घेऊन फेऱ्या घातल्या, घर त्याच्या हाती गेलं. पुतण्या गेल्यावर मी शहाणी मामांना सांगायला गेले की कायद्यात असं काही नसतं, सगळं मामींचंच आहे.

"बाई, कायदा कचेरीत ऱ्हातो," मामा म्हणाले. "भावकी दारात ऱ्हाती."

दुसऱ्या दिवशी पुतण्या पुन्हा आला तेव्हा मामांनी त्याला तोंडावर सांगितलं, "मडकं हिनं धरायचं. घाणा हिचा हाय." पुतण्याला खरंच हसू आलं. "आवं काका, काकीचा जल्म घाण्यामागं गेला. तिचं पाय उजवीच घालणार. मसणात फेरी चुकली, तर मडकं दुसऱ्याच्या खांद्यावर द्याया लागतंय. चार लोकांत हसं कशाला?" मामी खाली बघत होत्या. चाळीस वर्षांत टाचा भेगाळून दगडासारख्या झालेल्या. पुतण्या बोलला ते खोटं नव्हतं, हेच मला सहन होत नव्हतं.

आठवडा गेला असेल. मी पाच वाजता वह्या घेऊन पडवीत बसले होते. मान वर केली तर पडद्यावर सावली चालत होती.

आधी काहीच वाटलं नाही. डोळ्यांना सवय होती. बैल आहे असं धरून मी पुन्हा वहीत शिरले. मग कानांना कळलं की कर्रकर्र नाहीये. घाणा बंद, आवाज बंद, आणि सावली फिरतेय. डावीकडून उजवीकडं, कडेला रेंगाळून, उजवीकडून डावीकडं, आमच्या निळीच्या ठिपक्यांवरून. बैल नव्हता तो. दोन पायांवर उभं काहीतरी होतं आणि त्याच्या एका खांद्यावर दुसरं डोकं होतं, डोक्यापेक्षा मोठं, गोल गरगरीत. मधल्या उखळाची सावलीही रोजची नव्हती. उखळाला खांदे फुटले होते.

मी गणिताची बाई, भुताखेतांना नाक मुरडणारी. जीव मुठीत धरून मी काय केलं असेल, तर मोजायला लागले. दुसरं काही सुचतच नव्हतं. फेरीला सदतीस सेकंद. मग कडा बघितल्या. सावली डावीकडून उजवीकडं निघाली, ठसठशीत. उजवीकडून डावीकडं परतली, पुसट. डोळे पुसून पुन्हा बघितलं. तेच. साइन उलटं झालं होतं. पलीकडं जे काही चालत होतं ते डावी फेरी घालत होतं.

आणि पलीकडून कुणीतरी खुदकन हसलं.

मी पडदा फर्रकन ओढला. मामी होत्या. पदर खोचलेला, खांद्यावर पाण्यानं भरलेलं मडकं, आणि त्या चाकोरीतून उलट्या अंगानं चालल्या होत्या. मधे उखळाला टेकून, गोधडीवर, मामा बसले होते. अंगाची काडी झालेली, डोळे मात्र लखलखीत.

"या बाई, या," म्हणाले. "सरणावर बसून तालीम घेतोय. तुमीच सांगितलं न्हवं का, चुकलं की पुन्यांदा पहिल्यापासनं?"

मला राग आला की रडू, अजून कळत नाही. "मामी, अहो, हे काय अभद्र चाललंय!" मी ओरडले. "माणूस समोर बसलंय तुमचं!"

मामी थांबल्या नाहीत. तोंड घामानं थबथबलेलं. "समोर हाय तंवरच शिकाया पायजे," म्हणाल्या. "मागनं कोण शिकवणार?"

मी तिथंच पोत्यावर बसले आणि त्या दिवसापासून परीक्षक झाले. रोज पाचला तालीम. पाय दोन-तीन पावलं नीट पडायचे आणि मग कसे कुणास ठाऊक, अंग वळून उजवीला लागायचं. मामा म्हणायचे, "डावी गं, डावी," की पुन्हा पहिल्यापासून. मामा दमले की बैलाला थांबवावं तसं "होऽ गं, होऽऽ" म्हणायचे आणि त्या दिवशीची तालीम संपायची. कधी मडकं हिंदकळून पाणी अंगावर सांडायचं आणि दोघं लहान पोरांसारखी हसायची. त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटायची. मागच्या अंगणात बैलाला पावलं ऐकू यायची. कुणी जुंपलेलं नसताना तो उठायचा आणि खुंट्याभोवती दाव्याच्या बेतानं फिरायला लागायचा. तो उजवीच घालायचा. पडद्यावर एक सावली डावी आणि मागं बैल उजवी. मी अंगाला पदर घट्ट लपेटून घ्यायचे. थंडीचे दिवस होते खरे, पण तेवढी थंडी वडूजला पाचच्या उन्हात नसते.

दोन आठवड्यांनी मामींचे पाय वळले. ज्या दिवशी एकही चूक झाली नाही त्या दिवशी मामांनी मला विचारलं, "किती मार्क देता?" मी म्हटलं, पैकीच्या पैकी. मामी लाजल्या. साठीची बाई, आणि नवरीसारखी लाजली हो!

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. सकाळी मामा गेले. भावकी जमली, पुतण्या रहिमतपूरहून आला. सगळ्यात आधी रडला तोच, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मामी रडल्या नाहीत. मडकं त्यांनी स्वतः भरून घेतलं आणि माझा हात धरला. "बाई, चला तुमी. चुकले तर सांगा."

बायका मसणात जात नसत. आम्ही दोघी गेलो. येरळेच्या कोरड्या पात्रात सरण रचलेलं, भोवती चाळीसेक पुरुष. कुजबूज सुरू झाली. पुतण्या पुढं झाला, "आवं काकी, हट करू नगा, द्या हिकडं." तेव्हा गावातले एक म्हातारे, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, त्यांनी हात आडवा धरला. "मरणाऱ्याचा शब्द हाय. घालू द्या तिला. चुकली तर तू हायसच."

मामींनी मडकं खांद्यावर घेतलं. पहिलं पाऊल डावीला पडलं. दुसरं पडलं. मी मनात अंश मोजत होते, तीस, साठ, नव्वद. दुसरं काय येतं मला? पहिली फेरी झाली, सुभेदारांनी दगडानं मडक्याला भोक पाडलं, धार लागली. दुसरी फेरी, दुसरं भोक. पाय एकदाही चळले नाहीत. तिसरी फेरी पुरी झाली, तिसरं भोक पडलं. सुभेदार म्हणाले, "बास. टाक मागं."

मामी थांबल्या नाहीत.

चौथी फेरी सुरू झाली. लोकांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. "टाक गं, टाक," दोघं-तिघं ओरडले. मामी चालतच राहिल्या, त्याच चालीनं, डोळे अर्धवट मिटलेले. मडकं रिकामं झालं, शेवटचे थेंब वाळूत पडले, पाचवी फेरी लागली. लोक एक-एक पाऊल मागं सरले. कुणीतरी पुटपुटलं, "लागीर झालं ह्या बाईला." मामी सरणाच्या आड जायच्या आणि पुन्हा यायच्या, आणि दर खेपेला मला वाटायचं, आता येणाऱ्या मामी नसतील.

"चुकली काकी," पुतण्या म्हणाला. "तीनाच्या वर फेरी असती व्हय? द्या मडकं." तो हात पुढं करून त्यांच्या वाटेत जायला निघाला. दोन पावलं, आणि मडकं त्याच्या खांद्यावर गेलं असतं. सुभेदारांनीही या खेपेला हात आडवा धरला नाही.

आणि मला कळलं. पाय चुकत नव्हतेच. तालमीत फेऱ्या किती व्हायच्या याला हिशेब नसायचा. कधी पाच, कधी दहा. थांबायचं कधी, ते मामी ठरवतच नव्हत्या. ते मामा सांगायचे. बैलाला थांबवताना म्हणतात तसं, चेष्टेनं. सगळं शिकवलं होतं आम्ही दोघांनी मिळून, फक्त आपणहून थांबायचं शिकवलं नव्हतं. मामी त्या हाकेची वाट बघत चालल्या होत्या.

चाळीस पुरुषांत मी एकटी बिनलग्नाची मास्तरीण. पदर खोचला आणि पोटातून ओरडले, "होऽ गं, होऽऽ!"

मामींचं उचललेलं पाऊल तिथंच टेकलं. खांद्यावरचं मडकं त्यांनी मागं सोडून दिलं आणि ते खळ्ळकन फुटलं. पुतण्याचा हात हवेतच राहिला. "झालं," सुभेदार म्हणाले. "तीन घातल्या का पाच, बाईनं डावीच घातली. घाणा तिचा."

मग मामी हाक आली त्या बाजूला वळल्या. चेहरा घामेजलेला होता आणि त्याच्यावर हसू होतं, पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं. त्यांनी डोळे नीट उघडून बघितलं, आणि तिथं मी उभी होते.